शिट्ट्यांचा भाग

‘घडण’ या मालिकेत रोजच्या वापरातल्या वस्तू कारखान्यात कशा तयार होतात ते दाखवायचे. एका भागात एक वस्तू. सेफ्टीपिन, मेणबत्ती, कंगवा, दाराची बिजागरी. मालिकेला सहा वर्षं झाली होती आणि या सहाही वर्षांत तिचा आवाज एकाच माणसाने टिपला होता. त्याला सगळे कानसेन म्हणत. नाव थट्टेत पडलं होतं, पण त्याला ते मनापासून आवडायचं. शेजारच्या खोलीत फ्रिज चालू असला तर हा चित्रीकरण थांबवायचा. कुणाच्या खिशात किल्ल्या किणकिणल्या तर हा दांडीचा माइक खाली ठेवून त्या माणसाकडे नुसता बघत राहायचा. डायरेक्टर वैतागायची, पण तयार भाग पाहिला की तीच म्हणायची, “कानसेन आहे म्हणून आपली मेणबत्तीसुद्धा ऐकू येते.” हे वाक्य त्याने घरी बायकोला निदान पाच वेळा तरी ऐकवलं असेल.

तर या मालिकेचा शिट्ट्यांचा भाग ठरला. पंच वाजवतात, शाळेत खेळाचे शिक्षक वाजवतात, ती पितळी शिट्टी. कारखाना मोठा नव्हता. पत्र्याचं उंच छप्पर, त्यात दोन काचेच्या खिडक्या, आणि खाली एका रांगेत सगळी कामं. एका टोकाला पितळी पत्र्यातून तुकडे कापले जायचे, पुढे ते वळवले जायचे, मग सांधे झाळून बंद व्हायचे. त्यानंतर मुलामा, मग पोटात बुचाची गोळी. ही गोळी शिट्टीच्या फटीपेक्षा मोठी असते. ती दाबून, चेपून आत ढकलतात आणि आत गेली की ती पुन्हा फुगते. हे बघून कॅमेरावाला इतका खूश झाला की त्याने तेच नऊ वेळा टिपलं.

रांगेच्या दुसऱ्या टोकाला तपासणीचं टेबल होतं आणि त्या टेबलावर काकू बसायच्या. पन्नाशी ओलांडलेल्या, बारीक अंगाच्या, करडा एप्रन घातलेल्या. समोर कॉम्प्रेसरमधून येणारी हवेची नळी, उजवीकडे चकचकीत ट्रे, डावीकडे पोचे आलेला पत्र्याचा डबा. एकेक शिट्टी दोन बोटांत धरून त्या नळीला लावायच्या. चांगली निघाली तर गुपचूप ट्रेमध्ये. खराब निघाली की खणखणीत आवाजात “नापास!” म्हणून डब्यात. त्यावरून कारखान्यात त्यांना नापासकाकू म्हणत.

“बावीस वर्षं झाली,” मॅनेजर अभिमानाने सांगत होता. “एक वाईट शिट्टी बाहेर गेलेली नाही. काकूंचा कान म्हणजे आमचं यंत्र आहे म्हणा ना.”

डायरेक्टरने तिथल्या तिथे शेवट ठरवून टाकला. “भाग यांच्यावरच संपवू. सगळा कारखाना गप्प. काकू एक शिट्टी वाजवतात. बस.”

दुपारी कानसेन काकूंना कॉलरचा माइक लावायला गेला. मागून जाऊन म्हणाला, “काकू, वरचं बटण जरा सोडता का?” काकू ढिम्म. त्याने पुन्हा विचारलं. कॉम्प्रेसरची धडधड होती हे खरं, पण तो दोन हातांच्या अंतरावर उभा होता. मग तो वळसा घालून समोर आला, तशी काकूंची नजर त्याच्या डोळ्यांवर न येता सरळ ओठांवर आली.

ही नजर त्याच्या ओळखीची होती. त्याच्या वडिलांची शेवटची काही वर्षं अशीच गेली होती. बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं, उशिरा हसायचं, प्रत्येक गोष्टीला हो हो म्हणायचं. लहान असताना त्याचा फार राग यायचा त्याला.

त्याने काही न बोलता स्वतःच्या कानाला बोट लावलं आणि भुवई उंचावली.

काकूंनी आजूबाजूला बघितलं. “कळलं तुला?”

“हो.”

“कुणाला बोलू नकोस रे. डाव्याने काहीच नाही. उजव्याने भांडं पडलं तर कळतं. पाच वर्षं झाली. घरी लेकीलासुद्धा माहीत नाही, ती म्हणते आईचं लक्षच नसतं.”

“मग तपासता कशा?”

काकूंना जरा गंमत वाटली असावी. त्यांनी एक शिट्टी उचलली, त्याचं बोट धरून शिट्टीच्या पोटावर ठेवलं आणि हवा सोडली. बोटाखाली बारीक, एकसारखी थरथर झाली, हाताला मुंग्या येतात तशी. मग डब्यातली एक उचलून तसंच केलं. या वेळी बोटाला काहीच लागलं नाही, नुसता वारा.

“ही गोळी अडकली,” काकू म्हणाल्या. “सांधा उसवला असला की एकाच बाजूला थरथरते. कानापेक्षा हे बरं. कान दमतो, बोट नाही दमत. फक्त हवा नळीची पाहिजे, एकसारखी. तोंडाने फुंकलं की माझ्याच ओठांना थरथर होते, मग बोटाचं बोटाला कळत नाही. तेवढं मशीन बंद करायला लावू नका.”

“नाही सांगणार कुणाला,” तो म्हणाला. “आणि मशीनचं बघतो.”

काकूंनी त्याच्या हातावर थोपटलं आणि बटण सोडून कॉलर पुढे केली.

चार वाजता वरच्या खिडकीतून उन्हाची तिरीप नेमकी तपासणीच्या टेबलावर आली. कॅमेरावाला म्हणाला, “हीच वेळ. वीस मिनिटं आहेत.” डायरेक्टरने कानसेनकडे बघितलं. “आवाजाचं काय?”

आता इथे तो म्हणू शकला असता की कॉम्प्रेसर चालू राहू दे, शिट्टी मी नंतर वेगळी टिपून बसवतो. त्यात अवघड असं काही नव्हतं. कंगव्याच्या भागात त्याने तेच केलं होतं. पण एवढ्या मोठ्या रिकाम्या छपराखाली, अगदी शांततेत, एकच पितळी शिट्टी वाजली तर तिचा आवाज कसा घुमेल, हे त्याच्या डोक्यात सकाळपासून घोळत होतं. असा आवाज पुन्हा मिळाला नसता.

“कॉम्प्रेसर बंद लागेल,” तो म्हणाला.

काकूंनी त्याच्या ओठांवरून ते वाचलं. त्या त्याच्याकडे बघत राहिल्या. त्याने मान खाली घालून यंत्रावरचे काटे तपासले.

यंत्रं एकेक करून थांबली. माणसं कडेला उभी राहिली. डायरेक्टरने काकूंना खुणेने सांगितलं, तोंडाने फुंका, चांगली ट्रेमध्ये, खराब डब्यात. पहिली शिट्टी वाजली. कानसेनच्या कानात ती अशी काही घुमली की त्याने डोळेच मिटले. दुसरीही छान वाजली. तिसरी फुसकी निघाली, नुसती फस्स. काकूंनी ती बघितली, बोटांत फिरवली आणि ट्रेमध्ये ठेवली.

“अहो, ही नापास!”

बोलून गेल्यावर त्याला कळलं की आपण बोललो. विमान गेलं की तो जसा ओरडायचा, कुणी खोकलं की जसा ओरडायचा, तसाच ओरडला होता. त्यात जरा टेचही होता, बघा कसं पकडलं असा. सगळा कारखाना खो खो हसला. नापासकाकूंनाच कुणीतरी नापास केलं होतं. काकूंनी सगळ्यांची तोंडं बघितली आणि मग त्याही हसल्या, पण उशिरा.

“पुन्हा घेऊ,” डायरेक्टर म्हणाली.

पुन्हा घेतलं. काकूंनी एक चांगली शिट्टी डब्यात टाकली आणि एक फुसकी ट्रेमध्ये. तिसऱ्यांदा घेतलं, तेव्हाही तेच झालं. मॅनेजर हळूहळू पुढे आला होता. तो काकूंच्या मागे येऊन उभा राहिला.

“काकू,” तो म्हणाला. मग जरा मोठ्याने, “काकू.” आणि मग अगदी स्वच्छ, मोठ्या आवाजात, “काकू!”

काकू पुढची शिट्टी उचलत होत्या. इतकी शांतता होती की दिव्याच्या नळीची गुणगुणसुद्धा ऐकू येत होती. सगळ्यांनी सगळं ऐकलं होतं, एक त्या सोडून.

डायरेक्टरने घड्याळ बघितलं. “दुसरं कुणी आहे का? फक्त टेबलावर बसायचंय.” पॅकिंगमधली एक हसऱ्या चेहऱ्याची मुलगी पुढे आली. कानसेन अजूनही बोलू शकला असता. एवढंच म्हणायचं होतं, मशीन चालू करा, नळी द्या यांच्या हातात आणि मग बघा. पण मग तुला कसं माहीत असं सगळ्यांनी विचारलं असतं, खुलासा करत बसावं लागलं असतं, आणि तिरीप टेबलावरून सरकायला लागली होती. तो काकूंच्या कॉलरचा माइक काढायला गेला. काकूंनी चिमटा स्वतःच सोडवला आणि त्याच्या हातात ठेवला. त्यांनी त्याच्या तोंडाकडे बघितलं नाही.

परतीच्या गाडीत सगळे शिट्ट्या वाजवत होते. मॅनेजरने प्रत्येकाला एकेक भेट दिली होती. कानसेनने आपली बॅगेत टाकली. आपण मुद्दाम काही केलेलं नाही, असं तो स्वतःला समजावत होता. बाई बहिरी आहे असं आपण कुठे म्हणालो? आज ना उद्या कळलंच असतं. रस्ता संपेपर्यंत हे त्याने स्वतःला इतक्या तऱ्हेने पटवलं की घरी पोचेस्तोवर ते जवळजवळ पटलं.

तीन आठवड्यांनी भाग जुळवायला आला. दुपारची वेळ होती. बंद खोलीत तो एकटाच पडद्यासमोर बसला होता. शेवटच्या दृश्यात ती पॅकिंगमधली मुलगी गोड हसून शिट्टी फुंकत होती, पण तिचा श्वास कोवळा होता, शिट्टी पिचकी वाजली होती. त्याने सरळ काकूंच्या पहिल्या टेकचा आवाज उचलून तिच्या चित्राखाली बसवला. फरक कुणालाही कळला नसता. मग त्याच्या मागेपुढे ठेवायला कारखान्याची नुसती शांतता हवी होती, म्हणून तो काकूंच्या माइकची रेकॉर्डिंग्ज चाळायला लागला. पहिल्या फाइलीत कॉम्प्रेसरची धडधड होती आणि त्या धडधडीत, अगदी जवळून बोलल्यासारखा, काकूंचा आवाज आला.

“कुणाला बोलू नकोस रे.”

माइक लावायला गेला तेव्हाच तो चालू होता. त्याने तो नेहमीच्या सवयीने आधीच चालू केला होता. सगळं टिपलं गेलं होतं, डाव्याने काहीच नाही, लेकीलासुद्धा माहीत नाही, ओठांना थरथर होते. आणि मग त्याचा स्वतःचा आवाज, गोड, समजूतदार, ‘नाही सांगणार कुणाला.’ त्यापुढे हातावर थोपटल्याचा मऊ आवाजसुद्धा होता.

त्याने वेळ बघितली. त्या वाक्यापासून ‘अहो, ही नापास’पर्यंत दोन तासही गेले नव्हते. दोन्ही वाक्यं त्याने लागोपाठ ऐकली. माणूस तोच होता यावर विश्वास बसेना. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांचे आवाज असे बारीक ऐकले होते. कोण खोटं बोलतंय, कोण घाबरलंय, हे तो आवाजावरून सांगायचा. त्या दुसऱ्या वाक्यातला टेच त्याला आता इतका स्पष्ट ऐकू आला की त्याने हेडफोन काढून टेबलावर ठेवले.

संध्याकाळी बायको भाजी चिरत होती, तेव्हा त्याने तिला सगळं सांगितलं.

“तू त्यांना बहिऱ्या म्हणालास?”

“नाही.”

“मग?”

“म्हणालो नाही. दाखवून दिलं.”

“आणि नंतर? नळी द्या म्हणून का नाही सांगितलंस?”

“उजेड जात होता.”

बायकोचा हात थांबला. “काय?”

“ऊन. तिरीप आली होती टेबलावर. दहा मिनिटं उरली होती.”

मग ती पुन्हा चिरायला लागली. “मला सांगून काय होणार? मी थोडीच शिट्ट्या तपासते.”

दुसऱ्या दिवशी त्याने कारखान्यात फोन लावला. भागासाठी एक-दोन गोष्टी विचारायच्या आहेत असं निमित्त केलं. त्या पॅकिंगमधल्या मुलीनेच फोन घेतला. काकू कशा आहेत असं त्याने विचारलं, तर ती जरा थांबून म्हणाली, “त्या आता पॅकिंगमध्ये असतात. शिट्ट्यांना दोऱ्या ओवतात. टेबलावर मला बसवलंय.” मग घाईने पुढे म्हणाली, “मी मागितलं नव्हतं हां.”

शनिवारी तो गेला. आधी मॅनेजरच्या खोलीत गेला, कारण ज्याने हलवलं त्यालाच सांगितलं पाहिजे असं त्याला वाटलं. खुर्चीच्या टोकावर बसून त्याने सगळं सांगितलं. नळीचं, बोटाचं, थरथरीचं. मशीन बंद करायला लावलं ते आपण, काकूंनी नको म्हटलं असूनही. त्या दिवशी काकू चुकल्या त्या आपल्यामुळे.

मॅनेजर वाईट माणूस नव्हता. तो ऐकत राहिला आणि मग म्हणाला, “म्हणजे त्यांना पाच वर्षं ऐकू येत नाहीये?”

कानसेनच्या लक्षात आलं. पाच वर्षांचं मॅनेजरला माहीत नव्हतं. ते आत्ता त्यानेच सांगितलं होतं.

“पण एकही खराब शिट्टी बाहेर गेलेली नाही,” तो घाईने म्हणाला. “तुम्हीच म्हणाला होतात.”

“ते खरं.” मॅनेजरने टेबलावर बोटं वाजवली. “एक करू. पन्नास शिट्ट्या ठेवू, त्यात आठ-दहा खराब मिसळू. मशीन चालू. तुमच्यासमोरच होऊन जाऊ दे. त्यांनी ओळखल्या तर टेबल त्यांचं.”

कानसेनला वाटलं, सुटलो. खरोखर त्याला तेवढंच वाटलं, आणि ते आठवलं की त्याला नंतर स्वतःची लाज वाटायची.

काकूंना बोलावलं. त्या आल्या तेव्हा त्यांच्या हातात अजून दोरीची सुई होती. कानसेनला बघून त्यांच्या चेहऱ्यावर काही उमटलं नाही. मॅनेजर त्यांच्यासमोर वाकून, एकेक अक्षर तोडत, मोठमोठ्याने बोलायला लागला.

“ओरडू नका साहेब,” काकू म्हणाल्या. “तोंड नीट हलवा, तेवढं पुरतं.”

मॅनेजर ओशाळला. मग त्याने साध्या आवाजात सांगितलं. काकूंनी ट्रेकडे बघितलं, नळीकडे बघितलं, टेबलामागे उभ्या राहिलेल्या त्या मुलीकडे बघितलं. ती रडायच्या बेतात होती.

“हे कुणी सुचवलं?”

कल्पना मॅनेजरची होती, पण त्याने कानसेनकडे हात केला.

काकू टेबलाशी गेल्या. बसल्या नाहीत. उभ्याउभ्याच वरची एक शिट्टी उचलून त्यांनी नळीला लावली, पोटावर बोट टेकवलं न टेकवलं तोच ती पोचे आलेल्या डब्यात टाकली. तोंडाने काही म्हणाल्या नाहीत. दुसरी उचलली, ती ट्रेमध्ये. तिसरी उचलली आणि तशीच खाली ठेवली.

“साहेब, माझं जेवण व्हायचंय,” त्या म्हणाल्या. “या पोरीला बसू द्या. शिकेल ती.”

आणि त्या बाहेर गेल्या.

कारखान्याच्या मागे पाण्याच्या टाकीजवळ एक सिमेंटचा कट्टा होता. काकूंनी डबा उघडला होता, पण जेवत नव्हत्या. कानसेन समोर जाऊन उभा राहिला, त्यांना दिसेल असा. उजव्या कानामागे एक लहानसं, नवंकोरं यंत्र अडकवलेलं होतं. त्याने ते आता पाहिलं.

“बस,” काकू म्हणाल्या. “पण शेजारी नको, समोर बस.”

तो जमिनीवरच बसला.

“आधी माझ्याकडे यायचं होतंस.”

“हो.”

“साहेबांकडे गेलास.”

“मला वाटलं त्यांनी तुम्हाला पुन्हा—”

“मला विचारलंस का, पुन्हा बसायचंय का ते?”

त्याने नकारार्थी मान हलवली.

“त्या दिवशी घरी गेले तर लेकीला आधीच कळलं होतं. इथलंच कुणीतरी सांगितलं. रडली ती. म्हणाली, मी तुला इतकी वर्षं ओरडत होते, लक्ष नाही, लक्ष नाही म्हणून. मग डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, उजव्याचं उरलंय तेवढं टिकवायचं असेल तर शिट्ट्यांच्या त्या टेबलाजवळ पाऊल ठेवू नका. आता सगळे माझ्यासमोर येऊन बोलतात. नातीचं बोलणं कळतं मला, अर्धंमुर्धं. बरं वाटतं, खोटं कशाला बोलू?”

कानसेनच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं असावं, कारण काकूंनी लगेच बोट वर केलं.

“त्याचं श्रेय तुझ्याकडे घेऊ नकोस.”

“नाही, काकू.”

“ते टेबल मी सोडणारच होते. पुढच्या वर्षी. माझी मी. लेकीला माझ्या तोंडाने सांगणार होते, साहेबांना सांगणार होते, की असं असं आहे, आणि असं असूनही पाच वर्षं एक शिट्टी चुकली नाही बघा. तोंडावर मारणार होते सगळ्यांच्या.” त्या हसल्या, पण हसू टिकलं नाही. “आता सगळ्यांना काय आठवतं? नापासकाकू नापास झाल्या. परवा एकाने जिन्यात म्हणून दाखवलं. त्याला वाटलं मला ऐकू येत नाही. पण मला ओठ वाचता येतात ना.”

त्याला काहीतरी म्हणायचं होतं. येताना वाटेत त्याने चार वाक्यं जुळवली होती, पण त्यातलं एकही आता तोंडात बसेना. “चुकलं माझं,” एवढंच तो म्हणाला.

“चुकलं नाही. चुकून झालं असतं तर मी विसरले असते. तुला माहीत होतं.” त्यांनी डब्याचं झाकण लावलं. “मशीन बंद करा म्हणालास तेव्हा मी बघत होते तुझ्याकडे. तू खाली बघितलंस.”

मग त्याने मनात आणलेली शेवटची गोष्ट विचारली. भागाच्या शेवटी अजून बदल करता येतील. काकूंच्या बोटांचं चित्र आहे, नळी चालू असतानाचं, सकाळचं. निवेदनात सांगता येईल की इथे शिट्टी कानाने नाही, बोटाने तपासतात. लोकांना खरं कळेल.

“नको,” काकू म्हणाल्या. “आता पुरे. माझं काही म्हणजे काहीच नको त्यात. हात नको, आवाज नको.” मग एकदम आठवल्यासारखं त्यांनी विचारलं, “आपण बोललो होतो, ते त्या चिमट्यात भरलंय का?”

“हो.”

“पुसून टाक.”

“टाकतो.”

“बघतो नको म्हणूस.”

“टाकतो, काकू.”

त्याने त्याच दिवशी ते पुसलं. इतक्या वर्षांच्या धंद्यात त्याने टिपलेला आवाज कधी पुसला नव्हता. खोकलेसुद्धा तो जपून ठेवायचा. बटण दाबताना त्याच्या मनात आलं, यात काकूंचं गुपित जातंय तसं आपण दिलेलं वचनही जातंय. आता ते कुणाला ऐकवून आपल्याला पकडता येणार नाही. म्हणजे हे आपण नक्की कुणासाठी करतोय? पण काकूंनी पुसायला सांगितलं होतं, म्हणून त्याने पुसलं. आणि शेवटच्या दृश्याखाली बसवलेली ती घुमणारी शिट्टीही काढली. तिच्या जागी त्या मुलीची पिचकी शिट्टीच परत ठेवली. दुसरी वेगळी टिपून घालता आली असती, पण ते त्याच्याच्याने होईना.

भाग लागला तो एका रविवारी दुपारी. बायको शेजारी बसली होती. पितळी पत्रा कापला गेला, वळला, सांधे झाळले गेले, बुचाची गोळी फटीतून आत शिरली आणि फुगली. निवेदक त्याच्या जाड आवाजात म्हणाला, “आणि शेवटी प्रत्येक शिट्टी कुशल कानांनी तपासली जाते.” ती मुलगी हसली, तिने फुंकलं, फुसकट आवाज झाला आणि भाग संपला.

फोन लगेच वाजला. डायरेक्टर होती.

“अरे, शेवटची शिट्टी काय झाली? जुळवताना मी ऐकली तेव्हा अंगावर काटा आला होता. ही कुठली पिपाणी घातलीस?”

“माझी चूक,” तो म्हणाला.

“तुझी? आवाजात?” ती हसली. “बरं, असू दे. होतं कधी कधी.”

तिने कोणती चूक ते विचारलं नाही. त्यानंतर बराच वेळ मंडळींचे निरोप येत राहिले. कॅमेरावाल्याने लिहिलं होतं, कानसेनचे कान तपासून घ्या रे कुणीतरी. त्याखाली सगळे हसले होते. बायकोने त्याच्या खांद्यावरून ते वाचलं.

“लागलं?” तिने विचारलं.

“नाही,” तो म्हणाला. मग म्हणाला, “हो. पण एवढ्याने काय होतंय.”

पुढच्या वर्षी काकूंनी काम सोडलं, ठरवलेल्या महिन्यात. पॅकिंगच्या लोकांनी त्यांना निरोप दिला, असं त्या मुलीने फोनवर सांगितलं. तिने सांगितलं की काकूंनी जाण्याआधी तिला डोळे मिटायला लावून, कानात कापूस घालून, आठवडाभर बोटाने तपासायला शिकवलं. आता तिलाही जमतं, जवळजवळ. कानसेनने विचारलं, माझं काही विचारलं का त्यांनी? खोटं बोलावं की नाही याचा मुलगी विचार करतेय हे त्याला तिच्या श्वासावरून कळलं.

“नाही,” ती म्हणाली.

“बरं,” तो म्हणाला आणि फोन ठेवून कामाला लागला. त्या दिवशी छत्रीच्या काड्यांचा भाग जुळवायचा होता.